रेड्यावर फोडलेला नारळ

हरसूलच्या पलीकडे एका ओढ्याच्या काठावर मी एका धोंड्याला खडक समजलो आणि तशी सही केली. धोंडा कोणता आणि खडक कोणता हे ओळखता यावं, एवढ्याचसाठी मला एकतीस वर्षं पगार मिळत होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मी कुठे शहाण्यासारखं बोलायला लागलो तर किती मनावर घ्यायचं ते वाचकांना ठरवता येईल.

माझा धंदा जमिनीला भोकं पाडण्याचा. नाशिक जिल्ह्यात बोअर म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर पाणी येतं, आणि आमच्या डोळ्यांत पाणी येतं. कुठल्याही गावात तीन पायांचं लोखंडी तिकाटणं उभं केलं की अर्ध्या तासात कुणीतरी मोटारसायकल उभी करून विचारणारच, "पाणी लागलं का?" आम्ही पाणी शोधत नसतो. इमारत, पूल, टाकी, जे काही बांधायचं असेल त्याच्या खाली काय आहे ते आम्ही आधी बघतो. माती किती खोल, चिखल किती, खडक कुठे. पाणी लागलं तर आमचं डोकं दुखतं. हे सांगितलं की माणूस आमच्याकडे दयेनं बघतो आणि मोटारसायकलला किक मारतो.

काम दिसायला सोपं. भोकात एक पोकळ नळी सोडायची आणि तिच्या डोक्यावर त्रेसष्ट किलोंचं वजन अडीच फुटांवरून पुन्हा पुन्हा टाकायचं. या वजनाला साइटवर मंकी म्हणतात. का म्हणतात ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. नळी फूटभर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. ठोके जास्त तर जमीन घट्ट, कमी तर पोची. पन्नास ठोक्यांतही नळी हलली नाही की खाली कठीण काहीतरी आहे. मग मंकी बाजूला ठेवून हिऱ्याचं बिट लावायचं, वरून पाणी सोडत फिरवायचं, आणि खडकाचा काकडीसारखा दांडा कापून वर काढायचा. त्याला कोअर म्हणतात.

कोरड्या जमिनीत हे कुणीही करील. खरा धंदा चिखलात. चिखलात भोक टिकत नाही. तुम्ही हातभर खणता, तो वीतभर परत भरतो. भोकात लोखंडी नळकांडं घालावं तर ते तिरकं होतं. तिकाटण्याचा एक पाय रुततो आणि सगळा डोलारा दारू प्यायल्यासारखा एका अंगावर झुकतो. आणि मातीची तपासणी आमच्याकडे हमखास पावसाळ्यातच निघते, कारण उन्हाळाभर फाईल कुठल्यातरी टेबलावर वाळत पडलेली असते.

सायखेड्याला एका द्राक्षवाल्याच्या कोल्ड स्टोरेजच्या जागेवर काळ्या मातीनं माझा डावा गमबूट खाल्ला. पाय वर आला, बूट राहिला. आठ दिवसांनी तिथेच शेजारी दुसरं भोक घेतलं, तर हात-दीड हातावर नळीतून काळा, चिवट, घाण वासाचा तुकडा वर आला. मी नोंदवहीत लिहिलं, 'काळा सेंद्रिय पदार्थ.' प्रयोगशाळेतून फोन आला की त्या पदार्थावर सात नंबर छापलेला आहे. माझ्या पायाचं माप ऑफिसात सगळ्यांना कळलं ते असं.

बुटाची गोष्ट मी लग्नकार्यात सांगतो, लोक हसतात. धोंड्याची सांगत नाही.

हरसूलच्या पलीकडच्या त्या पाड्याला रस्ता ओढ्यापर्यंत होता. पुढे ओढा. उन्हाळ्यात त्यातून शेळ्या चरत जायच्या आणि पावसाचे चार महिने पाडा पलीकडे अडकून पडायचा. मीठ, तेल, काड्यापेट्या आषाढाआधी भरून ठेवायच्या, आणि पोटुशी बाई असेल तर तिला महिनाभर आधी अलीकडच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवायचं. तिथे एक पूल मंजूर झाला. छोटासाच, दोन टोकांना दोन पाये. त्या पायांखाली काय आहे ते मला सांगायचं होतं.

अलीकडचं टोक सोपं निघालं. दीड मीटरवर काळा पाषाण, सलग. पलीकडचं भोक भातखाचरात होतं. इंजिन, पाइप, मंकी, सगळं सुटं करून पाड्यातल्या माणसांनी बांबूला बांधून खांद्यावरून ओढ्यापार नेलं. पाणी कमरेला होतं. म्हणजे पूल कशासाठी पाहिजे हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी स्वतः एका माणसाच्या खांद्याला धरून, छत्री मिटून काखेत घेऊन पार झालो होतो.

खाचर बुधीबाईचं होतं. पन्नाशीची, काटक, कमी बोलणारी बाई. आवणी चालू होती, खाचरात सून आणि ती वाकून रोपं लावत होत्या. आम्ही तिच्या लावलेल्या भातात दहा बाय दहाचा तुकडा तुडवून तिकाटणं उभं करायला लागलो, तरी ती रोपं लावतच राहिली. मी चुन्यानं खूण केली तेव्हा मात्र रोपांची जुडी हातात घेऊन आली आणि म्हणाली, "साहेब, तिथं नको. तिथं रेडा बसलाय."

मी खाली बघितलं, इकडेतिकडे बघितलं. जनावर कुठे दिसेना. तिची बोली मला निम्मीच कळायची, उरलेली निम्मी मी स्वतःच्या मनानं भरून घ्यायचो. म्हटलं, "मावशी, उठवून बाजूला बांध ना त्याला."

"तो कसा उठंल? माझ्या सासऱ्याच्या वेळचा हाय."

माझा ऑपरेटर रंगनाथ सिन्नरकडचा. माझ्याबरोबर बारा वर्षं होता आणि मला जितकं ज्ञान होतं तितकंच त्याला होतं, हे माझं दुर्दैव. तो कानाशी येऊन कुजबुजला, "साहेब, देवाचं काहीतरी असंल. रेडा मागत असंल जागेवर."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आणि त्या प्रकाशात, भर पावसात, गुडघाभर चिखलात उभं राहून मी त्या बाईला अंधश्रद्धेवर भाषण दिलं. पाव तास तरी बोललो असेन. आम्ही विज्ञानाची माणसं, जमिनीत देव नसतो, मातीचे थर असतात, मुक्या जनावराचा जीव घेऊन कुणाचं भलं होत नाही. कॉलेजात वक्तृत्वात मला बक्षीस होतं. त्याचा उपयोग आयुष्यात त्या एका दिवशीच झाला. शेवटी मोठ्या मनानं म्हणालो, "रेडा-बिडा काही मिळणार नाही. फार तर नारळ फोडू."

बुधीबाई म्हणाली, "फोडा," आणि जाऊन परत रोपं लावायला लागली.

आता त्या नारळाचं सांगायला हवं. आमच्या गँगचे दोन नारळ असत. एक काम सुरू करताना, तो सगळेच फोडतात. दुसरा खडक लागल्यावर. हा दुसरा खास आमचा. पहिला कोअर वर आला की तो धुऊन पाटीवर ठेवायचा, त्याला कुंकू लावायचं आणि नारळ फोडायचा. नारळ फुटला म्हणजे ते भोक संपलं. नियमानं खडकात निदान तीन मीटर जावं लागतं, आपण खडकातच आहोत ना याची खात्री करायला. पण नारळ फुटला की माणसांचे हात आपोआप नट ढिले करायला लागतात. खोबरं खाल्लं की कुणी पुन्हा पाइप उचलत नाही. हे मला माहीत होतं. म्हणून नारळ मी नेहमी माझ्याच बॅगेत ठेवायचो आणि तीन मीटर झाल्यावरच बाहेर काढायचो. शिस्तीचा माणूस म्हणून माझं नाव होतं.

त्या खाचरात अडीच मीटर नुसता लोण्यासारखा चिखल निघाला. मंकी टाकण्याआधीच नळी स्वतःच्या वजनानं खाली जायची. रंगनाथ म्हणायचा, "साहेब, काय मोजू?" मी लिहायचो, शून्य. भोक तीन वेळा ढासळलं. तिकाटण्याचा एक पाय इतका रुतला की त्याखाली आम्ही बुधीबाईच्या गोठ्याची फळी मागून घेतली. तिनं ती काढून दिली. दुपारी नागलीची भाकरी आणि लसणाची चटणीही पाठवली. आम्ही चार दिवस तिथे होतो, आणि रोज ओढा वीतभर चढत होता. उद्या पाणी छातीला लागलं तर आपण या पाड्यात अडकणार, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता. पाड्यातले लोक दरवर्षी चार महिने अडकतात हे माहीत असूनही, माझं अडकणं मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं.

चौथ्या दिवशी नळी टण्णकन वाजली. पन्नास ठोक्यांना दोन बोटंसुद्धा आत जाईना. बिट लावलं. पहिला कोअर आला तो काळा, सलग, भेग नसलेला, चकचकीत. काळेपणा ताडायला रंगनाथनं तो मिशीला लावून बघितला. अलीकडच्या काठावरही असाच पाषाण होता. मी मनातल्या मनात दोन काठांवर पट्टी ठेवली आणि मधून सरळ रेघ ओढली.

आणि बॅगेतून नारळ काढला.

नारळ फुटल्यावर, खोबरं तोंडात असताना, रंगनाथनं उरकायचं म्हणून अजून थोडं फिरवलं. दोन मीटर आणि एक वीत झाल्यावर वरून सोडलेलं पाणी एकदम गायब झालं आणि रॉड हिसका बसून वीतभर खाली गेला. रंगनाथनं माझ्याकडे बघितलं.

शहाण्याला इथे कळायला हवं. खडकातून असा हिसका बसला तर एक तर भेग असते, नाही तर खडक संपलेला असतो. पुढे अजून अर्धा मीटर गेलं की कोणतं ते कळतं. दीड-दोन तासांचं काम. मी ओढ्याकडे बघितलं. बाकीचे नट ढिले करत होते. मी वहीत लिहिलं, 'खडकात भेग. खाली सलग पाषाण.' 'खाली सलग पाषाण' हे चार इंच शाई सोडून कशातूनच वर आलेलं नव्हतं.

निघताना बुधीबाई बांधावर होती. मी म्हणालो, "मावशी, बघ, रेडा नाही काही नाही, पक्का खडक निघाला. आता तुमचा पूल होणार."

ती एवढंच म्हणाली, "होऊ द्या."

दोन वर्षांनी कंत्राटदारानं पाया खणायला घेतला. अलीकडचा पाया झाला, वर आला, त्यावर सळ्याही उभ्या राहिल्या. पलीकडे खड्डा खणला, पंप लावले, आणि एक दिवस मला तातडीनं बोलावणं आलं. मी गेलो. खड्ड्याच्या तळाशी एक काळी, गोलसर पाठ उघडी पडली होती. मजुरांनी तिच्या कडेनं खणलं होतं. कड खाली वळत होती. खालून चिखल पाझरत होता. एका मजुरानं पहार तिच्या पोटाखाली सरळ आत घातली, अख्खी पहार गेली.

कार्यकारी अभियंता माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या रिपोर्टचं पान उघडून माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, की यातला सलग पाषाण तो कुठला, जरा बोटानं दाखवा. मग त्यांनी तीन मीटरचा नियम सगळ्यांसमोर, शाळेतल्या मुलाला सांगावा तसा मला सांगितला. खड्ड्याच्या काठावर अर्धा पाडा जमला होता.

तेव्हा वरून बुधीबाईचा आवाज आला. ती शेजारच्या बाईला सांगत होती, "हाच तो रेडा."

ती नवी नवरी होऊन आली तेव्हा तो दगड ओढ्याच्या काठाला उघडा होता. सासऱ्याच्या तरुणपणी एका पुरात वरच्या डोंगरातून गडगडत आलेला. चिखलात बसलेल्या रेड्यासारखा दिसायचा म्हणून रेडा. बायका त्याच्या पाठीवर धुणं वाळत घालायच्या. पुढे दर पावसाळ्यात गाळ चढत गेला, आधी पोट बुडालं, मग पाठ, मग वर खाचर झालं. पाड्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाला माहीत होतं तिथे खाली काय आहे. मी चार दिवस मंकी ठोकून आणि हिऱ्याचं बिट लावून जे शोधत होतो ते ती बाई मला पहिल्या मिनिटाला, फुकट, मराठीत सांगत होती. मी तिला विज्ञान शिकवलं आणि स्वतः दगडाला कुंकू लावून नारळ फोडला.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नाही. कंत्राटदार सळ्या सोडून निघून गेला. नवा आराखडा, नवा अंदाज, नवी मंजुरी, असं करत फाईल परत वाळायला पडली. खड्डा कुणी बुजवला नाही. पुढच्याच पावसात ओढ्याला तो खड्डा सापडला, पाणी आत वळलं आणि त्यानं बुधीबाईचं खाचर बांधासकट धुऊन नेलं. त्या वर्षापासून तिचा मुलगा आणि सून दिवाळीनंतर द्राक्षांच्या कामाला खाली उतरतात. आणि एका श्रावणात तिच्या नवऱ्याला घोंगडीच्या झोळीतून ओढ्यापर्यंत आणलं होतं. पाणी उतरायची वाट बघत त्याला दीड दिवस त्या काठावर ठेवलं. तो तिथेच गेला. समोर आमच्या अर्ध्या पुलाच्या सळ्या दिसत होत्या.

हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही पाड्यातल्या दुसऱ्याच कुणाकडून. तिनं स्वतः कधी सांगितलं नाही.

माझं काय झालं? काही नाही. एक ताकीद आली, मी तिला उत्तर लिहिलं. 'अपवादात्मक भूस्तरीय परिस्थिती' असे शब्द वापरले. आमच्या धंद्यात चूक जमिनीवर ढकलता येते, हा मोठा फायदा. पुढे मी चिखलातला तज्ज्ञ म्हणून ओळखला गेलो. निवृत्तीच्या समारंभात एक सहकारी म्हणाला, हे आमच्यातले खडक. मग मला शाल दिली, आणि श्रीफळ दिलं. तो नारळ हातात घेतल्यावर मला जे वाटलं ते लिहिण्याजोगं नाही. घरी आल्यावर बायको म्हणाली, चांगला मोठा आहे, चटणी करू. मी तो बरेच दिवस फोडू दिला नाही. शेवटी आतून नासला.

गेल्या हिवाळ्यात त्याच पुलाची तपासणी परत निघाली. नवी एजन्सी, ट्रॅक्टरवर बसवलेलं हायड्रॉलिक यंत्र, पाय रुतू नयेत म्हणून खाली रुंद पोलादी पाट्या. त्यांच्या इंजिनिअर बाईंनी जुने कागद काढले, त्यावर माझं नाव वाचलं आणि फोन केला, सर, जागेची माहिती असलेलं कुणी बरोबर असेल तर बरं. मी म्हणालो, जागेची माहिती माझ्याकडे नाही, बुधीबाईकडे आहे. त्यांना वाटलं मी विनोद करतोय. एकतीस वर्षांत माझ्या खऱ्या बोलण्यावर लोक हसले आणि विनोदावर त्यांनी सह्या केल्या, असंच जास्त झालं.

मी गेलो तरीही. बुधीबाई आता पार वाकली आहे. बांध नाहीच, तेव्हा ती ओढ्याकाठच्या एका दगडावर काठी घेऊन बसली होती. पाड्यात रेड्याचं नाव ऐकून इंजिनिअर बाईंनी तिला विचारलं, आजी, रेडा कुठे आहे? आजीनं काठीनं दाखवलं, आणि भोक तिथून चांगलं वीस पावलं वर घेतलं. मी हे लांबून बघत होतो. एक प्रश्न. एक काठी. पाव तासाचं भाषण कुठेच नव्हतं.

मला ओळखलं की नाही ते तिच्या तोंडावरून कळेना. मी जवळ जाऊन नमस्कार केला, नाव सांगितलं, आणि जे बोलायचं ठरवून आलो होतो त्यातलं निम्मंच बोलता आलं. ती ओढ्याकडे बघत होती. मी थांबलो तेव्हा तिनं बाजूच्या दगडावर बस म्हणून काठी आपटली. मी बसलो.

अकरा मीटरवर खडक लागला. पहिला कोअर वर आला, काळा, सलग, चकचकीत. हुबेहूब माझ्या त्या कोअरसारखाच. ऑपरेटर निफाडकडचा, हसरा माणूस. त्यानं कोअर धुतला, पाटीवर ठेवला आणि पिशवीतून नारळ काढला. म्हणजे ही रीत आमच्याच गँगची नव्हती तर. सगळा धंदाच आमच्यासारखा आहे हे त्या क्षणी कळलं, आणि बरं वाटलं म्हणावं तर बरं वाटलं नाही. तो नारळ घेऊन अदबीनं माझ्याकडे आला. म्हणाला, "बाबा, तुम्ही जुने. तुमच्या हातानं होऊ द्या."

माझे दोन्ही हात पुढे झाले. खरं सांगतो, झाले. सवयीनं म्हणा, लोभानं म्हणा. तेवढ्यात बुधीबाईची काठी मध्ये आडवी आली.

"अजून तीन मीटर जाऊ दे," ती ऑपरेटरला म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि ह्याच्या हातात नको देऊ नारळ. ह्याला घरी जायची लय घाई असती."